तांडेलांच्या नाकाशेजारची खपली



या महिन्यात सोसायटीचं ऑफिस पाच दिवस बंद राहिलं. डिझेल परताव्याचे कागद घेऊन आलेले काही नाखवा दाराला कुलूप बघून परत गेले, त्याबद्दल आधी माफी मागतो. आम्ही तिघं वडोदऱ्याला होतो. आपल्या सोसायटीचे एक जुने तांडेल तिथं ऑपरेशनला होते. त्यांची मुलगी वडोदऱ्यात दिलेली आहे, जावई तिथंच कंपनीत, म्हणून तिकडे. ऑपरेशन झालं, नीट झालं, तांडेल काका घरी आलेत.

गावात निम्म्या लोकांना माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी काहीतरी भलतंच ऐकलं आहे. म्हणून काकांना विचारूनच हे लिहितोय. ते म्हणाले, "लिहा सगळं. पण माझं नाव नको. नातीचं बघतायत." म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस आजाराला घाबरला नाही, पण आजाराच्या नावाला घाबरला. तर आधीच सांगून टाकू. काकांना त्वचेचा कॅन्सर झाला होता. तो शेजारी बसल्यानं लागत नाही, त्यांचा टॉवेल वापरल्यानं लागत नाही, आणि त्यांच्या नातीशी त्याचा काही संबंध नाही.

सुरुवात कशी झाली ते ऐका, कारण यातलं बरंचसं तुमच्या-आमच्या घरात आत्ता चालू असेल.

नाकाच्या उजव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली, एक काळपट मणी आला होता. मुगाच्या दाण्याएवढा. चकचकीत, कडा किंचित वर आलेल्या. दुखत नव्हता, खाजत नव्हता. काका म्हणायचे तीळ आहे. तोंड पुसताना टॉवेल घासला की त्यातून थेंबभर रक्त यायचं, खपली धरायची, आठवड्यानं खपली पडायची, बरं झालं असं वाटायचं, की पुन्हा रक्त. असं दोन वर्षं. त्या दोन वर्षांत हळद झाली, चुना झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून कसलासा पाला वाटून लावून झाला. मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली, चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं "नाकाजवळ फोड आलाय" सांगून. ट्यूबनं लाली कमी झाली, म्हणून आणखी चार ट्यूब आणल्या. वरची लाली गेली, खालचं काम चालूच होतं.

मुलगी शिमग्याला माहेरी आली तेव्हा तिनं बघितलं. आपण रोज बघत होतो, धक्क्यावर त्याच तोंडाशी बोलत होतो, आणि आपल्याला दिसलं नाही. रोज दिसतं ते दिसेनासं होतं, तसलाच प्रकार. ती सहा महिन्यांनी बघत होती, तिच्या लक्षात आलं की मुगाचा दाणा आता चिंचोक्याएवढा झालाय आणि मधे खड्डा पडलाय. ती भांडून घेऊन गेली. आम्ही "भांडून" म्हणतोय कारण सीझन चालू होता, आणि सीझनमध्ये तांडेलाला बोटीवरून उतरवणं म्हणजे काय ते नाखवांना सांगायला नको.

वडोदऱ्याच्या डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं आणि पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "काका, काम काय करता?" डॉक्टर गुजराती, पण मराठी बोलत होते. वडोदऱ्यात हे नवल नाही, गायकवाडांचं गाव ते, दांडिया बाजारात उभं राहिलं तर चार पेठी मराठी कानावर पडतं. काका म्हणाले, तांडेल आहे. डॉक्टर म्हणाले, म्हणजे ऊन. काका हसले. "साहेब, माझ्याकडे बघा. मी काळा आहे. आपल्याला ऊन लागत नाही."

हे वाक्य आपण सगळे बोलतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

ते पूर्ण खोटं नाही. आपल्या कातडीत जो काळा रंग आहे, मेलॅनिन म्हणतात त्याला, तो खरोखरच छत्रीसारखं काम करतो. उन्हातले जे अतिनील किरण असतात, म्हणजे यूव्ही, ते बरेचसे तो वरच्या वर अडवतो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या माणसांत त्वचेचा कॅन्सर जितका होतो त्याच्या मानानं आपल्याकडे तो फारच थोडा होतो. आपल्याकडचा मोठा राक्षस तोंडाचा कॅन्सर आहे, तंबाखूचा, ते सगळ्यांना माहीत आहे आणि तरी मिशरी-मावा चालूच आहे. तेव्हा घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. प्रत्येक तीळ कॅन्सर नसतो, हजारांतले जवळजवळ हजार नसतात.

पण छत्री ही छत्री आहे, पत्र्याचं छप्पर नाही. आणि आपण ऊन खातो किती? काका पंधराव्या वर्षी बोटीवर चढले, आज एकसष्ट. वर्षाचे दोनशे दिवस दर्यावर धरले तरी नऊ हजारांवर दिवस झाले. ऑफिसात बसणारा माणूस सुट्टीला समुद्रावर येऊन दोन दिवसांत भाजतो, त्याची कातडी निघते, तो घाबरून क्रीम लावतो. आपली कातडी निघत नाही, ती नुसती रापते. रापणं म्हणजे सवय झाली असं आपण समजतो. खरं तर रापणं हीच मार लागल्याची खूण आहे. आत पेशींमध्ये जी मोडतोड होते ती थोडीफार दुरुस्त होते, थोडी तशीच राहते, आणि ती तशीच राहिलेली साठत जाते. हिशोब वीस-तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो.

आणि काळेपणामुळे दुसरी एक अडचण होते. गोऱ्या माणसाला हा बेसल सेल नावाचा कॅन्सर होतो तेव्हा तो गुलाबी, मोत्यासारखा दिसतो. आपल्या कातडीत तो बहुतेक वेळा काळा-तपकिरी दिसतो. अगदी तिळासारखा. म्हणून आपल्याकडे तो कमी होतो हे खरं, पण झाला तर ओळखू येत नाही, हेही तितकंच खरं. आमचं म्हणणं एवढंच आहे: हा आजार आपल्यात कमी आहे म्हणूनच तो उशिरा सापडतो. कोणी शोधतच नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून आम्ही तिघंही गप्प झालो. उन्हाचा आणि त्वचेच्या कॅन्सरचा संबंध पहिल्यांदा कोणाच्या चेहऱ्यावर दिसला असेल? आपल्याच लोकांच्या. जर्मनीत हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात पॉल गेर्सन उन्ना नावाचे त्वचेचे डॉक्टर होते. म्हातारे झालेले खलाशी त्यांच्याकडे यायचे, तोंड-हात रापून चामड्यासारखे झालेले, आणि त्यातच कुठेतरी कॅन्सर धरलेला. 1894 साली त्यांनी आपल्या पुस्तकात त्याला नाव दिलं, खलाशाची कातडी. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी हे लिहून झालंय, तेही दर्यावरच्या माणसाकडे बघून, आणि आपल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

अमेरिकेत मेरीलँडच्या खाडीत खेकडे आणि कालवं काढणारे कोळी आहेत. त्यांच्यातल्या 838 जणांना डॉक्टरांनी तपासलं, प्रत्येकानं आयुष्यात किती ऊन खाल्लं, टोपी घालत होता का, चष्मा लावत होता का, सगळा हिशोब मांडला. 1988 साली ते छापून आलं. डोळ्यांचं निघालं ते असं: आयुष्यभराचं ऊन दुप्पट झालं की एका जातीच्या मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होतो. कातडीचंही निघालं. स्क्वेमस सेल नावाचा जो दुसरा कॅन्सर आहे, तो ज्यांना झाला त्यांनी त्यांच्याच वयाच्या इतर कोळ्यांपेक्षा जास्त ऊन खाल्लेलं होतं. ती माणसं गोरी होती, मान्य. पण मोतीबिंदू कातडीचा रंग बघत नाही. आपल्या धक्क्यावर पन्नाशीच्या आत मोतीबिंदू झालेले किती, डोळ्यात मांसाचा पडदा वाढून बुबुळावर सरकलेले किती, मोजून बघा. आम्ही सोसायटीतल्या सभासदांची नावं नुसती तोंडी घेतली तर एका हाताची बोटं संपली.

डॉक्टरांनी आणखी एक समजूत काढून टाकली. आपल्याला वाटतं पाण्यावरून ऊन उलटं येतं म्हणून जास्त भाजतो. चकाकी येते ती खरी, पण दुपारी ऊन डोक्यावर असताना निळ्या पाण्यावरून परत येणारे यूव्ही किरण थोडेच असतात, शंभरातले दहाही नाहीत. लाटेच्या फेसावरून मात्र चांगले पंचवीस येतात, कोरड्या वाळूवरून पंधरा. मुख्य मारा वरून, आणि नुसता सूर्याकडून नाही, सगळ्या उघड्या आभाळाकडून. जमिनीवर झाडं, घरं, भिंती असतात, आभाळाचा तुकडाच दिसतो. बोटीवर चारी दिशांना आभाळ. म्हणून केबिनच्या सावलीत बसलं तरी थोडं ऊन लागतंच. आणि पातळ ढगातून यूव्ही बिनधास्त येतात. गार वारा असला की आपल्याला वाटतं आज ऊन नाही. वारा गरमी घालवतो, यूव्ही नाही घालवत. ही गोष्ट दर्यावर सगळ्यांत जास्त फसवते.

यावरून खालच्या ओठाचं कोडं सुटतं. वरच्या ओठावर नाकाची आणि मिशीची सावली असते, खालचा ओठ आभाळाकडे तोंड करून उघडा. त्याला रंगाचं संरक्षणही कमी. त्यात आपण तिथंच चुना-तंबाखूची गोळी ठेवतो किंवा विडी टेकवतो. वॉर्डात काकांच्या शेजारच्या खाटेवर पादऱ्याकडचे एक शेतकरी होते, भाजीवाले. त्यांच्या खालच्या ओठावर पांढरट कोरडा चट्टा होता, सतत सालं निघायची, मग त्यात भेग पडली, ती भेग आठ महिने भरली नाही. त्यांनाही वाटलं होतं, उन्हानं ओठ फुटलाय, तूप लावू. आपल्यात कितीजण असं तूप लावून बसलेत?

आता कुठं बघायचं ते सांगतो. चेहरा, म्हणजे नाक, डोळ्यांखाली, कपाळ. कानाची वरची कड, कारण क्रिकेटची टोपी कान उघडेच ठेवते. मानेचा मागचा भाग. खालचा ओठ. टक्कल असेल तर टाळू. हाताची पाठ. तिथं बरी न होणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारा मणी, खरखरीत चट्टा ज्यावर शिंगासारखं कडक काही वाढतंय, किंवा तीळ जो वाढतोय, कडा वेड्यावाकड्या होतायत, रंग दोन-तीन झालेत. महिनाभरात जी जखम भरली नाही ती दाखवायची. मधुमेह असेल तर आणखी आधी.

यात न मावणारी दोन ठिकाणं आहेत, आणि आपल्या कातडीच्या लोकांना ती जास्त महत्त्वाची. मेलानोमा नावाचा कॅन्सर या सगळ्यांत वाईट, तो अंगभर पसरतो. सावळ्या-काळ्या माणसांत तो बरेचदा उन्हाच्या जागी येतच नाही, तो तळपायाला, तळहाताला, नखाखाली येतो. खलाशी पोरांच्या टी-शर्टवर आणि रिक्षांच्या काचेवर जो लांब जटांचा गाणारा असतो ना, बॉब मार्ले, तो यानंच गेला. 1977 मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सापडला, 1981 मध्ये गेला, वय 36. आपण अनवाणी, तळपायाला कुरूप, काटे, शिंगाळ्याचे वार, काळे डाग, काय नसतं? म्हणून कोणी बघत नाही. नखाखाली मार लागून रक्त साकळलं तर ते नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. जो काळा पट्टा सरकत नाही आणि रुंद होतो, तो दाखवा.

दुसरं म्हणजे जुने व्रण. सायलेन्सरला चिकटून भाजलेली पोटरी, वर्षानुवर्षं चिघळणारी जुनी जखम, यात उन्हाशिवायही कॅन्सर धरू शकतो. सतत घासण्याचंही तसंच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. वसंत खानोलकर, मोठे संशोधक, त्यांनी 1945 मध्ये लिहून ठेवलंय की कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट एकाच जागी बांधून तिथली कातडी आधी काळी, मग जाड होते आणि काहींना तिथं कॅन्सर होतो. साडी नेसणाऱ्या बायकांनाही तसं झालेलं डॉक्टरांनी पुढे नोंदवलंय. आपल्या जुन्या माणसांची कमर बघा, काळी जाड रेघ असते. बहुतेकांची ती नुसती रेघच राहते. पण तिथं जखम झाली तर "नाडीनं कापलं" म्हणून सोडू नका.

आणि ज्या घरात जन्मतःच केस-कातडी पांढरी असलेलं मूल आहे, त्यांना हात जोडून विनंती. त्याच्याजवळ ती छत्री अजिबातच नाही. त्याला उघड्या अंगानं होडीवर, धक्क्यावर, वाळूत खेळायला सोडू नका. जाळी विणायला सावलीत बसवा, शाळेत पुढच्या बाकावर बसवा, कारण त्या मुलांना लांबचं दिसतही कमी.

काकांचं पुढे सांगतो. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासू. झालं. फोनवर गावाहून पाच सल्ले आले, तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की पसरतो. आम्ही सरळ डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, तुकडा न काढता मी काय कापायचं आणि किती कापायचं हे ठरवू कसं? पसरतो तो वेळ घालवल्यानं. सुईचं नाव बदनाम झालं कारण लोक सुईपर्यंत येतातच उशिरा. आमची खात्री पटली. बेसल सेल निघाला. हा लांब कुठं जाऊन बसत नाही सहसा, पण जिथं आहे तिथं उंदरासारखा कुरतडत जातो, कातडी, कूर्चा, हाड. मुगाएवढा असताना काढला असता तर अर्ध्या तासाचं काम, चार टाके. चिंचोक्याएवढा झाल्यावर गालाची कातडी फिरवून नाकाशेजारी लावावी लागली, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी वर्ष गेलं असतं तर डोळ्याबद्दल मी शब्द दिला नसता.

दोन वर्षांत मुगाचा चिंचोका झाला, आणि त्यात अर्ध्या तासाचं काम मोठं ऑपरेशन होऊन बसलं. सीझनचे शेवटचे आठवडे गेले, बोट दुसऱ्या तांडेलाच्या हाती द्यावी लागली, वाटा गेला. जावयाचं घर होतं म्हणून राहण्याचा खर्च वाचला. ज्याला वडोदऱ्यात जावई नाही त्यानं काय करायचं? आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च त्यातून होतो, आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, फक्त हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी विचारायचं. वडोदऱ्याकडे सरकारी सयाजी हॉस्पिटल आहे, वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलाश कॅन्सर हॉस्पिटल आहे. आपल्याला मुंबईला टाटा आहेच. ज्यांची कार्डं अजून निघालेली नाहीत त्यांनी कागद घेऊन ऑफिसला या, आम्ही भरून देतो. आता ऑफिस उघडं असतं.

आता जरा नाखवांशी बोलतो. रागावू नका.

आपण बोटीवर इंजिनाला सावली देतो, बर्फाला सावली देतो, मासळीवर ओलं पोतं टाकतो. माणसाला सावली कुठं आहे? केबिनमध्ये तांडेल आणि फार तर आणखी दोघं. बाकीचे मागच्या बाजूला मासळी निवडत बसलेले असतात, दोन-दोन तीन-तीन तास, भर दुपारी, मान खाली घालून, मानेची मागची बाजू उघडी. जाळं ओढताना वर काही बांधता येत नाही, कबूल. ताडपत्री वाऱ्यात फाटते, तेही कबूल. पण नर्सरीवाले जी हिरवी जाळी लावतात, शेडनेट, तिच्यातून वारा जातो, ती फडफडत नाही. दाट विणीची घ्यायची, चार पाइप, काढता-घालता येईल अशी, निवडायला बसलं की लावायची. आपल्याकडच्या दोघा नाखवांनी ती लावली आहे, एका बोटीवर टिकली, दुसऱ्या बोटीवर पाइप वाकले, तेव्हा जाड पाइप घ्या. डिझेलच्या एका फेरीच्या मानानं हा खर्च काहीच नाही, आणि एक तांडेल सीझनमधून गेला की काय जातं ते या वर्षी एका नाखवाला विचारा.

टोपीबद्दल. क्रिकेटची टोपी नको. चारी बाजूंनी काठ असलेली, काठ किमान चार बोटं, आणि हनुवटीखाली दोरी. दोरी नसेल तर पहिल्याच दिवशी दर्याला जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, दाट विणीचा, गडद रंगाचा. पांढरा पातळ सुती शर्ट भिजला की त्यातून ऊन आरपार जातं, आपण समजतो अंग झाकलंय. क्रीमबद्दल खलाशांची तक्रार खरी आहे, हात तेलकट होतात आणि दोर सटकतो. मग हाताला लावू नका, हातांना बाह्या आहेत. नाक, कान, ओठ, मान एवढ्याला लावा, तीसच्या वरचं, आणि घामानं गेलं की पुन्हा. महाग आहे, हेही खरं. कपडा आधी, क्रीम नंतर. आणि वेळ कशी ओळखायची? आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडायला लागली की अंग झाकायचं. नाहीतर फोनवर हवामान बघता तिथंच यूव्ही इंडेक्स असतो, तीनच्या वर गेला की सांभाळायचं. आपल्या किनाऱ्यावर मेमध्ये तो अकराच्या वर जातो.

बोंबील वाळत घालणाऱ्या आणि सुकी मासळी उलटणाऱ्या बायकांचं ऊन कोणीच मोजत नाही. त्या दर्यावर जात नाहीत म्हणून त्यांना "घरी असतात" म्हणायची पद्धत आहे. सकाळी नऊपासून चारपर्यंत वाळूत त्याच असतात, डोक्यावर पदर आणि तोंड उघडं. वाळूवरून पंधरा टक्के परत येतं ते त्यांच्या तोंडावर येतं.

आता सरकारकडे वळतो, कारण तिथं आपल्याला भांडायचं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक कामगार संघटना, दोघांनी मिळून 2023 मध्ये अंदाज काढला. 2019 या एका वर्षात जगात 19 हजारांच्या आसपास माणसं उन्हात काम केल्यामुळे झालेल्या त्वचेच्या कॅन्सरनं गेली, आणि त्यात मेलानोमा धरलेलाच नाही. जर्मनीनं, त्याच उन्नांच्या जर्मनीनं, 2015 पासून स्क्वेमस जातीचा हा कॅन्सर उन्हात काम करणाऱ्याचा धंद्याचा आजार म्हणून मान्य केला, त्याला भरपाई मिळते. आपल्याकडे कामगार भरपाईच्या कायद्याला धंद्याच्या आजारांची यादी जोडलेली आहे. त्यात त्वचेचा कॅन्सर आहे! पण डांबर आणि खनिज तेलामुळे झालेला. ऊन त्यात नाही. म्हणजे बोटीच्या बुडाला डांबर लावताना झाला तर मोजणार, त्याच बोटीच्या वर उभं राहून झाला तर नाही. आपला मच्छीमारांचा गट विमा अपघाताचा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख. चाळीस वर्षांत हळूहळू झालेल्या अपघाताला तिथं रकाना नाही.

ते बदलायला वर्षं लागतील, आणि एकट्या सोसायटीचं ते काम नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला कायदा लागत नाही. 1 जून ते 31 जुलै बोटी वर ओढलेल्या असतात. लायसन, इंजिन, जाळी, सगळ्याची तपासणी आपण तेव्हाच करतो. त्याच दिवसांत एक दिवस माणसांची तपासणी. आरोग्य केंद्रातल्या ताई तिशीच्या वरच्या सगळ्यांचं तोंड तंबाखूच्या कॅन्सरसाठी बघतात, तो सरकारचाच कार्यक्रम आहे. तोंड उघडलेलंच आहे तर ओठही बघा, नाक-कान बघा, मान वळवून बघा, चपला काढून तळपाय बघा. माणशी पाच मिनिटं. संशय आला तर तालुक्याच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. डोळ्यांचं शिबिर आपण आधी केलेलंच आहे, त्याच मांडवात हेही. खर्च मांडवाचा आणि चहाचा.

हा विषय आम्ही जूनच्या मासिक सभेत ठेवतोय. काही सभासदांचं म्हणणं आलंय की असल्या शिबिरानं गावाचं नाव खराब होईल, लोक म्हणतील या बंदरात कॅन्सर आहे. त्यांना आमचं म्हणणं आहे, सभेत येऊन बोला. काका स्वतः येणार आहेत, गालावरचा व्रण घेऊन. नाव नको म्हणणारा माणूस तोंड दाखवायला तयार झालाय.

त्यांचे टाके सुटलेत. नवी काठाची टोपी लेकीनं वडोदऱ्याहून घेऊन दिली, दोरीची, ती घालून ते धक्क्यावर जाळं बघत फिरतात आणि पोरं हसतात. 1 ऑगस्टला बोट काढायची म्हणतायत. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, कारण एकदा झालेल्याला दुसरीकडे पुन्हा होऊ शकतो. पुढची तारीख नोव्हेंबरमध्ये आहे, ऐन सीझनमध्ये. त्या वेळी बोटीवर त्यांच्या जागी दोन दिवस कोण उभं राहणार आणि वडोदऱ्याला सोबत कोण जाणार, ते आत्ताच ठरवून ठेवायचंय. ज्यांना जमेल त्यांनी ऑफिसात नाव द्या.